निळ्या ठिपक्याचा माल

गोदामाच्या पत्र्यात उजेडासाठी एक हिरवट फायबरची पट्टी बसवलेली होती. तिच्या बरोबर खाली टकमामांची खुर्ची. खुर्चीच्या डाव्या हाताला बंद खोकी, उजव्या हाताला पास झालेला माल, पायाशी पत्र्याचं पिंप. समोर बसून पॅकिंग करणारी चिमणी. तिचा आवाज बारीक, म्हणून चिमणी. मामांना टकमामा का म्हणत, हे त्यांना काम करताना एकदा पाहिलं की कुणालाही कळायचं.

माल समुद्रापलीकडून यायचा. स्वस्तातले घडीचे चाकू, तेलकट प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक गुंडाळलेले, बाराचा एक डबा, वीस डब्यांचं एक खोकं. मामा पिशवीतून चाकू काढायचे, डाव्या कानाशी न्यायचे आणि अंगठ्यानं उघडायचे. टक. चांगला असला तर उजवीकडे, नसला तर पिंपात. डबा भरला की त्याच्या टोकाला निळ्या मेणखडूनं एक ठिपका. दिवसाला दीड हजार चाकू. डोळ्यांनी तपासायला बसलं असतं तर दोनशेसुद्धा झाले नसते, आणि मालकानं दोनशेसाठी खुर्ची दिली नसती.

लोकांना वाटतं, स्वस्त चाकूचं पातं वाईट असतं. मामा म्हणायचे, पात्याचं काय घेऊन बसलात, धार येते आणि जाते, दगडावर घासली की परत येते. स्वस्त चाकू दगा देतो तो खटक्यात. मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते. चाकू पूर्ण उघडला की ती आतून सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि पात्याला मिटू देत नाही. पट्टी नीट टेकली तर एकच आवाज, जाड, टक. नुसत्या कडेवर टेकली, तर टक होतो आणि त्याच्या मागोमाग पट्टी केसभर घसरते. तिचा आवाज चिक. उंदराच्या पिल्लानं केला तर केला, इतका बारीक. ज्यात चिक आहे तो चाकू कधीतरी जोर बसला की बोटावर मिटणार. आज नाही तर सहा महिन्यांनी.

तेवीस वर्षं मामांनी तो चिक पकडला. दुकानदार मालकाला फोन करून विचारायचे, "निळ्या ठिपक्याचा आलाय का?" ठिपका नसलेला माल कुणी हातात धरत नसे.

पूर्वी खोक्यामागे पन्नास-साठ चाकू पिंपात जायचे. दोन वर्षांपूर्वी ते तीस-पस्तीसवर आले. मग पंधरा. गेल्या काही महिन्यांत तर एका खोक्यात चार-पाच निघाले तर निघाले. मालक खूष. काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन सांगायचा, "मी त्या कारखानेवाल्याला फोनवर असा झापला ना मामा, बघा कसा सुतासारखा सरळ आला." मामांनाही तसंच वाटायचं. माल सुधारला होता. घरीही बऱ्याच गोष्टी सुधारल्या होत्या. यंदा डास अगदी कमी झालेत, असं ते बायकोला म्हणाले तेव्हा ती गळ्यावर उठलेल्या गांध्या खाजवत त्यांच्याकडे बघत राहिली होती. "तुम्हाला चावायला डासाला तुमच्या कातडीची भीती वाटत असेल," म्हणाली आणि विषय संपला. चिमणीलाही ते मधूनमधून म्हणत, "काय गं, हल्ली फार कमी बोलायला लागलीस." ती पूर्वीइतकीच बोलत होती.

सोमवारी दुपारी मामांची लेक गोदामात आली. ती शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम करते. बरोबर तिथला मुकादम होता, आणि मुकादमाच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक चाकू. रोपवाटिकेनं महिन्यापूर्वी साठ चाकू घेतले होते. लेकीनंच सुचवलं होतं, माझे बाबा पास करतात तो माल घ्या म्हणून. शनिवारी त्यातला एक चाकू एका बाईच्या बोटावर मिटला. जुळ्यांची आई म्हणतात तिला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची शीर तुटली. डॉक्टरांनी टाके घातले, पण बोट परत वाकेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले.

"मामा, तुम्हीच बघून सांगा," मुकादम म्हणाला. "चाकूत खोट आहे की बाईच्या हातात?"

आजूबाजूचे सगळे हमाल, पॅकिंगच्या बायका, केबिनच्या दारात मालक, सगळे गोळा झाले. मामांनी चाकू पुसला, कानाशी नेला. टक. पुन्हा मिटून उघडला. टक. तिसऱ्यांदा. टक.

"चाकू चोख आहे," मामा म्हणाले. "बाईनं बोट घडीत ठेवलं असणार. काम करताना लक्ष दुसरीकडे असलं की होतं असं."

मालकानं सुटकेचा निःश्वास सोडला. मुकादमानं चाकू परत रुमालात बांधला आणि लेकीच्या हातावर ठेवला. "चांगला आहे तर वाया का घालवायचा? बापानं पास केलाय, तूच वापर उद्यापासून."

चिमणी त्या गर्दीत उभी होती. ती रुमालाकडे बघत राहिली.

मंगळवारी सकाळी ती आली ती डोळे सुजवून. पिशव्या उघडायला घेतल्या, पण हात चालेना. मग म्हणाली, "मामा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"मोठ्यानं बोल बाई, पंखा चालू आहे."

ती उठून त्यांच्या कानाशी आली. "तुम्ही चिकवाले चाकू चांगल्यात का टाकायला लागलात?"

मामा हसले. मग हसायचे थांबले. "कुठला चिक?"

"कालच्या चाकूत होता ना. तिन्ही वेळा वाजला. मला चार हातांवरनं ऐकू आला." तिचा चेहरा रडवेला झाला. "वर्ष-दीड वर्ष झालं मामा. मला वाटायचं, मालकानं सांगितलं असेल, किंवा ह्या नव्या मालात चिक चालत असेल. तुम्हाला जे कळतं ते मला काय कळणार. म्हणून विचारलं नाही."

मामांनी उजवीकडून, आपण नुकत्याच पास केलेल्या ढिगातून, वीस चाकू मोजून तिच्यापुढे ठेवले. तिनं एकेक कानाशी नेऊन उघडला. सात बाजूला ठेवले. मामांनी ते सात उचलून छतातल्या उजेडाखाली धरले आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा खटके डोळ्यांनी पाहिले. साती चाकूंत पट्टी पात्याच्या नुसत्या कडेवर लोंबत होती. त्यांनी एकाच्या उघड्या पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर आपटली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा पातं मिटलं.

त्यांनी दुसरा चाकू घेतला, कानाला अगदी चिकटवला. टक. डोळे मिटून पुन्हा. टक. टकच्या मागे काही नव्हतं. कापूस भरल्यासारखं गप्प.

"मालकाकडे जाऊन येतो," ते म्हणाले. उठताना खुर्ची मागे पडली. ती पडल्याचा आवाज मात्र त्यांना नीट ऐकू आला.

मालक बिलं बघत होता. मामांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मालकानं चष्मा काढला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. चिमणीला. आता तुम्हाला."

"मग तिघांतच राहू दे." मालक उठला, दार लावून घेतलं. "मामा, घाबरता कशाला? मी काय तुम्हाला हाकलतोय? वय झालं की होतंच. चिमणी तुमच्याशेजारी बसेल, ती ऐकेल, तुम्ही ठिपका द्या. बाहेर काही कळायचं कारण नाही."

"आणि गेलेला माल?"

"गेलेला माल गेला."

"रोपवाटिकेत साठ आहेत. आत्ता कलमं बांधायला बसल्या असतील बायका. एक फोन करा फक्त. चाकू खाली ठेवा म्हणावं."

"आज त्यांना फोन केला की उद्या सगळी दुकानं मला फोन करतील."

"माझी पोर तोच चाकू वापरतेय."

मालकानं चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाला, "मग तिला नवा देतो की. चांगला बघून." आणि मग आपणच काय बोललो ते लक्षात आल्यासारखा बिलांकडे वळला.

मामांनी बाहेर येऊन लेकीला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. रोपवाटिकेत कामाच्या वेळी फोन पिशवीत आणि पिशव्या कुलपात. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावत ते थांब्यापर्यंत पोचले. बस यायला पंचवीस मिनिटं लागली. आल्यावर ती प्रत्येक थांब्यावर थांबली. एका म्हाताऱ्याला चढायला मदत करायला कंडक्टर खाली उतरला, तेव्हा मामांच्या मनात त्या म्हाताऱ्याविषयी जे आलं ते त्यांच्या तोंडी कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते सीटवर बसलेच नाहीत. दांडा धरून उभे राहिले आणि मनात हिशोब करत राहिले, की वर्षाला किती खोकी, खोक्याला किती डबे, डब्यातले किती वाईट. आकडा हजारांत गेला तसा त्यांनी तो सोडून दिला आणि फक्त साठावर आले. साठातल्या एकावर.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीच्या छपराखाली बायका बुटक्या स्टुलांवर ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर रोप. बुंधा तिरपा कापायचा, त्याला उभी चीर द्यायची, चिरेत फांदी बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. चीर देताना पातं लाकडात अडकतं. ते उचकटून काढताना त्याच्या पाठीवर जोर बसतो, नेमका मिटायच्या दिशेनं. मामांना हे आतापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. आता ते ओळीतल्या प्रत्येक हातात दिसत होतं.

लेक तिसऱ्या ओळीत होती. पातं बुंध्यात अडकलेलं होतं आणि ती ते हलवून काढत होती.

"हात थांबव," मामा म्हणाले. "सोड ती मूठ."

तिनं वर पाहिलं. "बाबा? तुम्ही इथं काय करताय?"

"मूठ सोड आधी."

तिनं सोडली. मामांनी रोपासकट चाकू उचलला आणि पातं बुंध्यातून ओढून काढलं. मुकादम लांबून येत म्हणाला, "मामा, बापलेकीच्या गप्पा सुट्टीनंतर. कामाची वेळ आहे."

"सगळ्यांनी चाकू खाली ठेवा. यातले कितीतरी वाईट आहेत."

"काल तर चोख म्हणालात," लेक म्हणाली. आवाज खाली, पण धारदार. "चारचौघांत म्हणालात. ती बाई हातात पट्टी बांधून तिकडे पाण्याची नळी धरून उभी आहे. तिला मी काय सांगितलं माहीत आहे? बाबा चुकत नाहीत म्हणून सांगितलं."

गोदामात मालकाला सांगताना जे जमलं ते इथं जमेना. सगळ्या बायका बघत होत्या.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज येत नाहीत. वर्षापेक्षा जास्त झालं असेल. मला कळलं नाही. काल मी खोटं नाही बोललो, पण खरंही नव्हतं ते. बाईची चूक नव्हती."

कुणीतरी मागच्या ओळीत "अगं बाई" म्हणालं.

"मग आता कोण सांगणार चांगला कुठला आणि वाईट कुठला?" मुकादम वैतागून म्हणाला. "तुम्हालाच येत नाही ऐकू, म्हणजे झालंच."

"तुम्ही ऐका. सगळ्याजणी. चाकू मिटा. कानाशी धरा. सावकाश उघडा. टक होईल. टकच्या मागून एक बारीक चिक आला तर बाजूला ठेवा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं हसून चाकू कानाशी नेला, उघडला, आणि तिचं हसू गेलं. तिनं तो जपून, पाल हातात आल्यासारखा, जमिनीवर ठेवला. मग ओळीनं सुरू झालं. मामांना नुसते टक, टक ऐकू येत होते, सगळे सारखे, सगळे चोख. त्यांनी ऐकणं सोडलं आणि चेहरे बघायला लागले. भुवया वर गेल्या की चाकू खाली जायचा. मुकादमानंही खिशातला स्वतःचा काढला, उघडला, इकडेतिकडे बघत पुन्हा उघडला आणि गुपचूप ढिगावर टाकला.

नळी बंद करून जुळ्यांची आई आली होती. उजवा हात गळ्यात अडकवलेला. तिनं डाव्या हातानं लेकीच्या पुढ्यातला चाकू उचलला, तिच्या बोटावर मिटलेला तोच, आणि गुडघ्यांत धरून उघडला.

"हा असाच वाजायचा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी ताईंना विचारलं पण होतं, हे चिकचिक काय होतं म्हणून."

मामांनी लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

"ताई म्हणाल्या, निळा ठिपका आहे, डोळे मिटून वापर."

साठांतले तीन हरवले होते. सत्तावनांपैकी चौतीस ढिगात गेले. मामांनी त्या चौतिसांची पाठ लाकडी खांबावर एकेक करून आपटली, म्हणजे कुणाला वाटू नये की उगाच गेले. अकरा तिथल्या तिथे मिटले. मुकादमानं डोकं धरलं, मग उरलेल्या तेविसांवर बायकांच्या जोड्या लावल्या आणि काम पुन्हा सुरू करायला सांगितलं. हंगाम थांबत नव्हता.

मामा स्टुलांच्या मधून हिंडत प्रत्येकीला विचारू लागले, तुमच्या भागात निळ्या ठिपक्याचा माल कुठल्या दुकानात मिळतो. लेकीनं एका खताच्या पावतीमागे नावं लिहिली. अकरा दुकानं झाली.

"तू चल माझ्याबरोबर," मामा तिला म्हणाले. "मला कान लागेल कुणाचातरी."

"मी नाही येणार."

"अगं, चौतीस इथंच निघाले. तिथं किती..."

"मला कळतंय बाबा. पण आज तुमच्याशेजारी उभं राहवणार नाही मला." तिनं कागद त्यांच्या हातात दिला आणि ज्या बाईबरोबर तिची जोडी लागली होती तिच्या शेजारी जाऊन बसली.

फाटकापाशी मामांच्या मागून कुणीतरी आलं. जुळ्यांची आई.

"मी येते. मला तसंही नळीच धरायची आहे."

मामा काही बोलायला गेले तर तिनं थांबवलं. "तुमच्यासाठी नाही येत. तुमचं कालचं बोलणं माझ्या घरी पोचलंय. नवरा म्हणतो, बघ, तो एवढा मोठा पारखी म्हणतो तुझीच चूक. सासू म्हणते, लक्षच नसतं हिचं. म्हणून प्रत्येक दुकानात माझ्यासमोर सांगायचं, चूक कुणाची ते. मोठ्यानं सांगायचं."

"सांगतो."

पहिलं दुकान नाक्यावरचं. खिळे, कड्या, कुलपं, दोऱ्यांची बंडलं. चाकू गल्ल्याशेजारी एका ताटलीत, बावीस. मामांनी दुकानदाराला सगळं सांगितलं, मोठ्यानं, तिच्याकडे हात करून. तिनं डाव्या हातानं आणि गुडघ्यांनी एकेक चाकू उघडून नऊ वेगळे काढले. दुकानदार हसतमुखानं ऐकत होता. फार हसतमुखानं.

"मामा, पाणी घ्या," तो म्हणाला. "दमलेले दिसताय."

"हे नऊ ठेवून द्या आत. बाकी सगळा माल तपासायचा."

"अर्ध्या तासापूर्वी तुमच्या मालकांचा फोन आला होता." दुकानदारानं नऊच्या नऊ उचलले आणि ताटलीत इतरांत मिसळून टाकले. "म्हणाले, मामा रुसून गेलेत. तेवीस वर्षं काम केलंय, आता म्हातारपणी डोकं जरा... येतील, काही बोलतील, तुम्ही मनावर घेऊ नका, चहा पाजा आणि पाठवून द्या. मालकांनी तुमच्याविषयी वाईट एक शब्द काढला नाही हो."

मामांनी ताटलीकडे पाहिलं. कुठले नऊ, ते आता त्यांना कधीच सांगता येणार नव्हतं. त्यांनी एक उचलला, कानाशी नेला, टक, खाली ठेवला. दुसरा उचलला. टक. दुकानदार समजूतदारपणे मान हलवत होता.

"पुन्हा निवडते मी," जुळ्यांची आई म्हणाली.

"कितीदा निवडाल ताई? तुम्ही गेल्यावर मी ते गटारात फेकून देऊ का?"

त्यानं हे चिडून म्हटलं नव्हतं. तो खरंच विचारत होता, आणि तो तसं करणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. बाईनं हातातला चाकू ठेवला. तिच्या पट्टीवर मधोमध एक तांबूस डाग ओला झाला होता. एवढे चाकू उघडताना तिनं कधीतरी दुखरा हातही लावला असणार.

मामा दुकानाच्या पायऱ्या उतरले. उतरून गेले नाहीत. शेवटच्या पायरीवर बसले, येणाऱ्याच्या वाटेत.

"हे काय मामा," दुकानदार आतून म्हणाला.

"गिऱ्हाईक आलं की सांगेन, उघडून ऐका म्हणून. तुम्हाला नाही पटत, त्यांना पटेल. ऐकू तर येईल त्यांना."

"आणि बाकीची दहा?" जुळ्यांच्या आईनं विचारलं. "इथं तुम्ही बसलात की तिथं विकले जातायत ते?"

मामांनी कागद गुडघ्यावर पसरला, आणि तो कितीही पसरला तरी त्यावरची नावं अकराच राहिली. समोरच्या रस्त्यानं माणसं जात होती. त्यांच्यातल्या कुणाच्या खिशात काय आहे, कुणाला माहीत.

बाईनं पुलाच्या दिशेनं पाहिलं. मग वाकून तिनं कागद उचलला, डाव्या हातानं दातांत धरून दोन तुकडे केले, एक त्यांच्या मांडीवर ठेवला.

"पुढचं दुकान पुलापलीकडे आहे ना? मी तिथं जाऊन बसते. दुकान बंद झालं की बघू कुठं भेटायचं ते."

ती निघाली. ती वळणाआड जायच्या आधीच एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन थांबला, हातात फाटलेली दोरी, आत बघत. मामा उठून उभे राहिले.

"चाकू घ्यायचाय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "चांगला कुठला, तुम्हाला कळतं का त्यातलं?"